शिळेवरचे पक्षी

लहान मुलास "मोर दाखव" म्हटलें म्हणजे तें अंगणांत जात नाहीं. कपाटांतलें चित्रांचें पुस्तक काढून आणतें. हा अनुभव बहुतेक घरीं येतो व आपण त्याचें कौतुकही करतों. परंतु किंचित् विचार केल्यास असें दिसून येईल कीं, या बाबतींत आपण वडील माणसेंही त्या मुलाहून फारशीं वेगळीं नाहीं. पेंग्विन, शहामृग, हिमालयांतील मोनाल हे पक्षी त्यांच्या राहत्या ठिकाणीं आपणांपैकीं किती जणांनीं पाहिले आहेत? तरी त्यांचीं रूपें आपल्या मनांत पक्कीं बसलेलीं आहेत, आणि तीं बसविलीं आहेत चित्रांनीं. आज छायाचित्रें इतकीं सुलभ झालीं आहेत कीं, अशा एकेका चित्रामागें एके काळीं किती हात, किती डोळे आणि किती आयुष्यें खर्चीं पडलीं, याची कल्पनाही आपणांस येत नाहीं. ती थोडीबहुत यावी, आणि त्या हातांपैकीं एका हाताची ओळख आमच्या वाचकांस, विशेषतः वाचकभगिनींस, व्हावी, एवढ्याच हेतूनें आम्ही आज हा विषय घेतला आहे.

छापील चित्राचें सामर्थ्य केवढें असतें, याचें एक जुनें उदाहरण आपल्या गोमंतकाशींच निगडित आहे. गुजराथचा सुलतान दुसरा मुजफ्फरशहा यानें गोव्याचा पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्क याच्याकडे एक जिवंत गेंडा नजराणा म्हणून पाठविला. आल्बुकर्कनें तो गोव्याहून गलबतावर चढवून आपल्या राजाकडे रवाना केला, व १५१५ च्या मे महिन्यांत तो लिस्बन बंदरांत उतरला. त्याचें वर्णन व एक कच्चें रेखाटन जर्मनींतील न्यूरेंबर्ग शहरीं आल्ब्रेख्ट ड्यूरर या थोर चित्रकाराच्या हातीं पडलें. ड्यूररनें गेंडा कधींच पाहिला नव्हता. तरी त्यानें त्या रेखाटनावरून लांकडी ठशाचें चित्र तयार केलें. त्यांत गेंड्याच्या अंगावर चिलखताचे पत्रे ठोकल्यासारखे दिसतात आणि मानेमागें पाठीवर एक जादा शिंगही आहे! खरा गेंडा पुढें पोपसाहेबांकडे पाठविला जात असतां इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडून मेला. छापील गेंडा मात्र अठराव्या शतकापर्यंत एका पुस्तकांतून दुसऱ्या पुस्तकांत नकललेला, पाठीवरच्या त्या खोट्या शिंगासह, खुशाल नांदत राहिला. एकदां छापलें गेलेलें असत्य किती चिवट असतें, हें यावरून ध्यानीं यावें. आणि निसर्गाचें खरें चित्र छापूं पाहणाऱ्याची जबाबदारी किती मोठी, हेंही.

ही जबाबदारी मनापासून ओळखणाऱ्यांत इंग्लंडमधील न्यूकॅसलचा कारागीर टॉमस ब्यूइक याचें नांव अग्रभागीं घेतलें पाहिजे. पूर्वीं लांकडाच्या उभ्या फळीवर सुरीनें चित्र कोरीत असत. ब्यूइक हा बॉक्स नांवाच्या झाडाचें अत्यंत कठीण लांकूड घेई, तें आडवें कापी, आणि त्या आडव्या कापाच्या गुळगुळीत तोंडावर धातु कोरण्याच्या बारीक कोरणीनें काम करी. त्यामुळें पिसांतील केसाएवढी रेषाही ठशावर उमटूं लागली. त्याच्या 'ब्रिटिश पक्ष्यांचा इतिहास' या ग्रंथाचा पहिला भाग १७९७ सालीं व दुसरा १८०४ सालीं प्रसिद्ध झाला. लांकडी ठशाचा मोठा गुण असा कीं, तो खिळ्यांच्या जोडीला बसवून मजकुराबरोबरच छापतां येतो. म्हणून असें पुस्तक स्वस्त पडतें व सामान्य घरांत शिरतें. उणीव एकच, कीं त्यांत रंग नाहीं.

दुसरी रीत तांब्याच्या पत्र्याची. पत्र्यावर रेषा खोल कोरावयाची, तींत शाई भरावयाची, वरचा भाग पुसून काढावयाचा, आणि दाबाखालीं ओला कागद घालून ती शाई उचलावयाची. या रीतीचा कळस म्हणजे ऑड्युबन या चित्रकाराचा 'अमेरिकेचे पक्षी' हा ग्रंथ. १८२७ पासून १८३८ पर्यंत अकरा वर्षें तो हप्त्याहप्त्यानें निघत होता. त्यांत ४३५ चित्रें असून कागद सुमारें सव्वातीन फूट लांब व सव्वादोन फूट रुंद आहे. कारण, गरुड असो कीं चिमणी, प्रत्येक पक्षी खऱ्या आकाराचाच काढावयाचा, असा ऑड्युबनचा हट्ट होता. उंच मानेचे बगळे त्यामुळें त्या कागदावर मान वांकवूनच उभे आहेत. मात्र हा ग्रंथ राजेरजवाड्यांनींच विकत घ्यावा, इतका महाग होता.

तिसरी रीत आपल्या वाडवडिलांच्या चांगल्या परिचयाची आहे. ती म्हणजे शिळाछाप. तिच्या जन्माची कथा मोठी गमतीची आहे. आलोइस सेनेफेल्डर नांवाचा एक नाटककार बव्हेरिया प्रांतांत राहत असे. आपलीं नाटकें स्वतःच स्वस्तांत छापतां यावीं, म्हणून तो नाना खटपटी करी. १७९६ सालीं एके दिवशीं घरीं धोबीण आली असतां आईनें त्याला कपड्यांची यादी लिहून घेण्यास सांगितलें. जवळ कागदाचा चिटोराही नव्हता; म्हणून त्यानें मेण, साबण व काजळी यांच्या शाईनें ती यादी समोरच्या गुळगुळीत दगडावर लिहिली. या यादींतून पुढें दोन वर्षांत एक नवी छपाई जन्मास आली. तिचें तत्त्व प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे: तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहींत. स्निग्ध खडूनें किंवा शाईनें दगडावर चित्र काढावयाचें, दगड पाण्यानें ओला करावयाचा व वरून छापण्याची शाई फिरवावयाची. जेथें चित्र तेथें शाई धरते, जेथें पाणी तेथें धरत नाहीं. कोरणी नको, ठसा नको. चित्रकाराच्या हाताची रेषा, तिच्या हळव्या दाबासकट, जशीच्या तशी कागदावर उतरते.

याच शिळेवर १८३१ सालीं मुंबईस गणपत कृष्णाजी यांनीं पहिलें छापील मराठी पंचांग काढलें. छापलेल्या पोथीस सोंवळ्यांत शिवावें कीं नाहीं, असा प्रश्न त्या काळीं आपल्या घरांतून पडत असे. म्हणून त्यांनीं शाईंत चरबीऐवजीं तूप घातलें, ही हकीकत प्रसिद्धच आहे. नेमक्या त्याच सुमारास, सहस्रावधि कोसांवर, लंडन शहरांत एक तरुण स्त्री तशाच एका शिळेवर वांकून आपल्या हिमालयांतील पक्षी रेखाटीत होती. तिचें नांव एलिझाबेथ गूल्ड.

एलिझाबेथबाईंचा जन्म १८०४ चा. लग्नापूर्वीं त्या लंडनमध्यें एका घरीं शिक्षिकेचें काम करीत व त्या एकलकोंड्या जिण्यास कंटाळलेल्या होत्या. १८२९ सालीं त्यांचा विवाह जॉन गूल्ड यांच्याशीं झाला. गूल्डसाहेब माळ्याचे पुत्र. मेलेल्या पशुपक्ष्यांत पेंढा भरून ते जिवंतासारखे उभे करण्याची कला त्यांनीं स्वकष्टानें साध्य केली होती, आणि तिच्याच बळावर त्यांस लंडनच्या प्राणिशास्त्रसंस्थेच्या संग्रहालयांत जागा मिळाली होती. १८३० सालीं त्यांच्या हातीं हिमालयांतील पक्ष्यांच्या कातड्यांचा एक मोठा संग्रह आला. त्यांतील कित्येक पक्षी युरोपांत कोणीं चित्रांतही पाहिले नव्हते. यांचा ग्रंथ काढावा, असें त्यांच्या मनानें घेतलें. पण शिळेवर चित्रें काढणार कोण, असें पत्नीनें विचारलें, तेव्हां "अर्थात् तूंच" अशा आशयाचें उत्तर पतीनें दिलें, अशी हकीकत सांगतात. बाईंस तोंवर शिळेवरच्या कामाचा गंधही नव्हता. त्यांनीं तें शिकून घेतलें.

हें काम दिसतें तितकें सोपें नव्हे. छापतांना चित्र उलटें उमटतें, म्हणून शिळेवर सर्व कांहीं डावें-उजवें पालटून काढावें लागतें. चूक झाली तर ती खोडणें अवघड. शिवाय समोर जिवंत पक्षी नाहीं. आहे ती वाळलेली, चपटी झालेली कातडी. पिसांचा रंग टिकतो. पण डोळ्यांचा, चोंचीचा व पायांचा रंग मेल्यावर लवकरच उडून जातो. तो पक्षी फांदीवर कसा बसे, मान कशी वळवी, हें कातडी सांगत नाहीं. एवढ्या अपुऱ्या साधनांवर बाईंनीं शंभर पक्ष्यांचीं ऐशीं चित्रें पुरीं केलीं. ग्रंथास कोणी प्रकाशक मिळेना, म्हणून गूल्डसाहेबांनीं वर्गणीदार जमवून तो स्वतःच हप्त्यांनीं काढला. नामपत्रावर नांव जॉन गूल्ड यांचें. परंतु प्रत्येक चित्राच्या तळाशीं, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत, तें निसर्गावरून व शिळेवर ई. गूल्ड यांनीं काढल्याचें नमूद आहे. ग्रंथाचा मजकूर लिहिणारे व्हिगर्स यांनीं १८३१ सालीं एका लाल-पिवळ्या, निळ्या शेपटीच्या हिमालयीन शिंजिरास बाईंचें नांव दिलें. तो चिमुकला पक्षी हिमालयांतील फुलांवर आजही मध चाखतो आणि 'मिसेस गूल्डचा शिंजीर' म्हणूनच ओळखला जातो.

याच सुमारास अठरा वर्षांचा एक गरीब तरुण, एडवर्ड लिअर, लंडनच्या प्राणिबागेंत जिवंत पोपटांपुढें बसून त्यांचीं चित्रें शिळेवर उतरवीत होता. त्याच्या पोपटांच्या ग्रंथांत ४२ चित्रें असून प्रती अवघ्या १७५ निघाल्या. छपाई होतांच तो शिळा पुसून टाकी, कारण नव्या शिळा ठेवण्यास पैसाही नाहीं आणि जागाही नाहीं! पुढें त्यानें गूल्ड यांच्या 'युरोपचे पक्षी' या ग्रंथाकरितां ६८ चित्रें काढलीं. त्या ग्रंथांत एकंदर ४४८ चित्रें असून बाकीचीं बहुतेक एलिझाबेथबाईंच्या हातचीं आहेत. उतारवयांत, १८७३ च्या नोव्हेंबरांत, हाच लिअर मुंबईस उतरला व वर्षाहून अधिक काळ हिंदुस्थानभर निसर्गचित्रें काढीत हिंडला.

शिळेवरून उतरलेलें चित्र काळें-पांढरेंच असे. रंग भरावयाचा तो हातानें, प्रत्येक प्रतींत स्वतंत्र. एक नमुना समोर ठेवून रंगविणारीं माणसें ओळीनें बसत व एकेक रंग भरून कागद पुढें सरकवीत. गूल्ड यांच्या 'ऑस्ट्रेलियाचे पक्षी' या ग्रंथाच्या मूळ सात खंडांत सहाशें चित्रें आहेत. प्रती सुमारें अडीचशें धरल्या तर दीड लाख कागद झाले. आणि त्यांतील प्रत्येक कागद कुंचल्यानें रंगविलेला! या कामाचा प्रमुख बेफील्ड याचें नांव तरी उरलें आहे. त्याच्या हाताखालीं डोळे शिणविणाऱ्या स्त्री-पुरुषांचीं नांवें बहुतांशीं कोणींच लिहून ठेवलीं नाहींत. आपल्या देशांतही तीच गोष्ट. डॉक्टर जर्डन यांनीं १८४३ ते १८४७ च्या दरम्यान मद्रासेहून हिंदी पक्ष्यांचीं ५० चित्रें प्रसिद्ध केलीं. मूळ चित्रें काढणारे कलावंत येथलेच होते. परंतु ग्रंथ ओळखला जातो तो जर्डनसाहेबांच्या नांवानें.

आतां पुनः एलिझाबेथबाईंकडे वळूं. १८३७ च्या जानेवारींत गूल्डसाहेबांनीं एक महत्त्वाची गोष्ट ओळखली. डार्विननें गॅलापागोस बेटांवरून आणलेले कित्येक पक्षी चोंचीच्या भिन्नपणामुळें निरनिराळ्या कुळांतले वाटत होते; ते सर्व वस्तुतः एकमेकांचे निकट आप्त असल्याचें त्यांनीं दाखवून दिलें. उत्क्रांतीच्या विचारास यापासून किती चालना मिळाली, हें सर्वश्रुत आहे. त्या पक्ष्यांचीं चित्रें जगास ज्या हातानें दाखविलीं, तो हात मात्र तितका श्रुत नाहीं. डार्विनच्या जलप्रवासाच्या ग्रंथांतील पक्ष्यांच्या भागास जीं ५० चित्रें आहेत, तीं शिळेवर एलिझाबेथबाईंनींच उतरविलीं.

हें सर्व चाललें असतां घरीं पाळणाही हलत होताच. बारा वर्षांच्या संसारांत त्यांस आठ अपत्यें झालीं. १८३८ सालीं गूल्डसाहेबांनीं ऑस्ट्रेलियास जाण्याचें ठरविलें. चित्रें काढणारें माणूस बरोबर हवें. तेव्हां बाईंनीं थोरल्या मुलास संगें घेतलें, धाकटीं तीन मुलें आपल्या आईच्या स्वाधीन केलीं आणि जहाजावर पाय ठेवला. तेथील दोन वर्षांत त्यांनीं पक्ष्यांचीं व रानफुलांचीं शेंकडों रेखाटनें केलीं. टास्मानियांत असतां आणखी एका मुलाचा जन्म झाला. त्यांनीं आईस लिहिलेलीं पत्रें उपलब्ध आहेत. मागें ठेवलेल्या मुलांची आठवण त्यांत सारखी डोकावते. आमच्या वाचकभगिनींस त्या पत्रांतील भाव समजून घेण्यास भाषांतराची गरज पडूं नये.

१८४० च्या ऑगस्टांत कुटुंब परत आलें, मायलेकरांची भेट झाली. पण तें सुख वर्षभरच टिकलें. १८४१ च्या ऑगस्ट महिन्याच्या १५ तारखेस, आठव्या बाळंतपणानंतर ज्वर येऊन एलिझाबेथबाई निवर्तल्या. वय अवघें सदतीस. वैद्यानें व सुइणीनें हात स्वच्छ धुतले तर हा ज्वर टळतो, हें व्हिएन्नाच्या सेमेलवाइस या डॉक्टरानें दाखवून दिलें तें १८४७ सालीं, म्हणजे सहा वर्षें उशिरां. ऑस्ट्रेलियाच्या सहाशें चित्रांपैकीं ८४ त्यांच्या हातून पुरीं झालीं होतीं. उरलेल्या कामांत त्यांचीं रेखाटनें पुढच्या चित्रकारांस उपयोगीं पडलीं. गूल्डसाहेब यानंतर चाळीस वर्षें जगले. त्यांनीं पुनः विवाह केला नाहीं. १८४४ सालीं ऑस्ट्रेलियांतील एका अप्रतिम सुंदर मुनियेस, जिच्या अंगावर हिरवा, जांभळा, पिवळा असे रंग जणूं कुंचल्यानें भरलेले आहेत, त्यांनीं पत्नीचें नांव दिलें.

येथें आमच्या मनांत एक विचार आल्याशिवाय राहत नाहीं. गूल्डसाहेबांनीं पत्नीचें ऋण नाकारलें, असें म्हणणें अन्यायाचें होईल. कित्येक चित्रांखालीं 'जे. अँड ई. गूल्ड' अशीं दोघांचीं आद्याक्षरें त्यांनीं घातलीं. पक्षी ओळखणें, ग्रंथाची योजना, वर्गणीदार, हिशेब हें सर्व त्यांचें होतें, कच्चीं रेखाटनेंही बहुधा त्यांचीं असत. आणि तीं कामें लहान नव्हेत. परंतु जगाची रीतच अशी कीं, नामपत्रावरचें नांव तें वाचतें, तळाच्या बारीक अक्षरांपर्यंत त्याची दृष्टि पोंचत नाहीं. सहाशेंहून अधिक चित्रें शिळेवर उतरविणारी ही बाई दीर्घकाळ 'गूल्डसाहेबांची मदतनीस पत्नी' एवढीच राहिली. पतीच्या कार्यांत पत्नीनें हातभार लावावा, ही गोष्ट आपल्याकडे भूषणावह मानतात व ती तशी आहेही. मात्र तो भार कोणत्या हातानें उचलला होता, हें मोकळ्या मनानें सांगणें, हेंही तितकेंच भूषणावह नाहीं काय?

दुसराही एक हिशेब चुकता करावयाचा आहे, तो पक्ष्यांचा. दुर्बीण व कॅमेरा यांच्या आधींच्या काळीं पक्षी नीट पाहावयाचा म्हणजे बंदुकीनें पाडावयाचा, हाच मार्ग होता. ऑड्युबन ताजा मारलेला पक्षी तारांनीं फळीवर उभा करून त्याचें चित्र काढी. अशा संग्रहासाठीं जे पक्षी मेले त्यांची संख्या लहान नाहीं. तरी पक्ष्यांच्या जाती नामशेष झाल्या त्या मुख्यतः चित्रकारांमुळें नव्हे. अमर्याद शिकार, जंगलतोड व चराऊ रानांचा नाश यांचा तो परिणाम. ऑड्युबनच्या काळीं ज्यांच्या थव्यांनीं आकाश झांकून जाई, त्या अमेरिकेंतील प्रवासी कबुतरांपैकीं शेवटचें १९१४ सालीं पिंजऱ्यांत मेलें. गूल्ड यांचा सहकारी गिल्बर्ट यास १८४४ सालीं ऑस्ट्रेलियांत एक अत्यंत देखणा पोपट सांपडला. 'ऑस्ट्रेलियाचे पक्षी' या ग्रंथांत त्याचें चित्र आहे. तो पोपट १९२७ नंतर खात्रीनें कोणास दिसलेला नाहीं. आपल्या हिमालयांतील लाव्याची एक जात १८७६ पासून अशीच अदृश्य आहे. ज्या कागदावर पक्ष्याची ओळख करून द्यावयाची, तोच कागद त्याचें स्मृतिचिन्ह होऊन बसावा, ही केवढी शोकांतिका!

सुदैवानें आपल्या प्रांतांत पक्ष्यांविषयींचें ज्ञान व आस्था वाढविणारी परंपराही जुनी आहे. १८८३ सालीं मुंबईस निसर्गाभ्यासाची जी संस्था निघाली, तिच्या आठ संस्थापकांत डॉ. आत्माराम पांडुरंग व डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे आपले होते. याच संस्थेनें १९४१ सालीं सलीम अली यांचें हिंदी पक्ष्यांवरील सचित्र पुस्तक प्रसिद्ध केलें, आणि पक्ष्यांचीं खरीं, रंगीत चित्रें श्रीमंतांच्या दिवाणखान्यांतून निघून साध्या वाचकाच्या खिशांत आलीं. बंदुकीची जागा दुर्बिणीनें घेतली, हा त्या पुस्तकांसारख्या पुस्तकांचा खरा उपकार होय.

तेव्हां वाचकांस आमची विनंति एवढीच. जुनें असें एखादें पक्ष्याचें चित्र संग्रहालयांत किंवा पुस्तकांत दृष्टीस पडलें, तर आधीं पक्षी डोळे भरून पाहावा. मग थोडें वांकून तळाचीं बारीक अक्षरें वाचावीं. तेथें एखादें विसरलेलें नांव भेटेल. आणि घरांतील मूल मोराचें चित्र घेऊन आलें, तर चित्राचें कौतुक करून त्याचा हात धरावा व त्याला खिडकीशीं न्यावें. मोर नसेल, पण चिमणी, साळुंकी, बुलबुल यांपैकीं कोणी तरी खास असेल. तो पक्षी अजून जिवंत आहे, फांदीवर आहे, आणि त्याला पाहण्यास आपणांस कोणा शिळेची गरज नाहीं, हें भाग्य कांहीं लहान नव्हे.